बिंगो हॉलमधला कोच: बॉब हर्ली यांच्या 45 वर्षांतून आपण काय घ्यायचं

एका तरुण क्रीडाशिक्षकांनी मला विचारलं आहे: "तालुक्याच्या गावी शाळेत सहा वर्षं बास्केटबॉल शिकवतोय. मुलं जरा तयार झाली की आईवडील म्हणतात, आता दहावी आहे, खेळ बंद. यंदा संस्थेनं कोर्टाच्या जागेवर वर्गखोल्या बांधायचं ठरवलंय. एका शिबिरात बॉब हर्ली या अमेरिकेतल्या शालेय कोचबद्दल ऐकलं. हजारावर मॅच जिंकूनही त्यांची शाळाच बंद पडली म्हणे. मग शाळेच्या कोचच्या हातात शेवटी राहतं काय? आणि त्यांच्याइतकं कडक वागल्याशिवाय मुलं घडत नाहीत का?"

सर, कोर्ट जाण्याचं दुःख मला कळतं. माझ्या 30 वर्षांच्या नोकरीत दोनदा कोर्ट गेलं. एकदा त्यावर सायकल स्टँड झाला, एकदा पेव्हर ब्लॉक बसले. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी घाईनं उत्तर देणार नाही. दुसरा प्रश्न कडकपणाचा आहे आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो, कारण हर्लींची गोष्ट ऐकून आलेले बरेच तरुण कोच नेमकी चुकीची गोष्ट उचलतात. मीही तीच उचलली होती. पण आधी माणूस नीट समजून घेऊ.

बॉब हर्ली 1947 साली जर्सी सिटीत जन्मले. हडसन नदीच्या एका काठाला न्यूयॉर्क आणि समोरच्या काठाला हे गाव. गोद्या, गिरण्या, रेल्वेचे यार्ड आणि युरोपातून आलेली कष्टकरी कुटुंबं असं त्याचं जुनं रूप. हर्लींचे वडील पोलिसात. गावात सेंट अँथनी नावाची एक छोटी कॅथलिक शाळा होती. पोलंडहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी ती 1952 मध्ये सुरू झाली आणि फेलिशियन संघाच्या नन्स ती चालवत. पुढे वस्ती बदलली. पोलिश मुलांच्या जागी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं आली, गरिबी मात्र तीच राहिली. 1972 मध्ये हर्ली तिथले मुख्य कोच झाले आणि 2017 मध्ये शाळेला कुलूप लागेपर्यंत तिथंच राहिले.

आकडे एकदाच सांगते. 45 हंगामांत विजय 1180 च्या वर आणि पराभव सव्वाशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला सरासरी तीन पराभवसुद्धा नाहीत. राज्य अजिंक्यपदं 28, त्यातली 1983 ते 1991 या काळात सलग 9. एकही मॅच न हरलेले हंगाम 8. देशातली पहिल्या क्रमांकाची टीम म्हणून 1989, 1996, 2008 आणि 2011 अशी चार वेळा नोंद. 2010 मध्ये स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्यांना स्थान मिळालं. निव्वळ शाळेच्या पातळीवर काम करून तिथं पोचलेले कोच बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांच्या आधी 2000 मध्ये मेरीलँडच्या डीमॅथा शाळेचे मॉर्गन वूटन पोचले होते.

जाणकार माणूस इथं दोन शंका काढतो आणि त्या काढायलाच हव्यात. पहिली अशी की, न्यू जर्सीत शाळांचे पटसंख्येप्रमाणे गट पाडतात. सेंट अँथनी सगळ्यात लहान खासगी शाळांच्या गटात होती. मग त्या गटात 28 वेळा पहिलं येण्यात मोठं काय? त्याला 1989 पासून उत्तर मिळालं. त्या वर्षी सर्व गटविजेत्यांना एकमेकांशी खेळवणारी 'टुर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स' सुरू झाली. दोन-दोन हजार मुलांच्या सरकारी शाळाही तिच्यात असत. पटावर काहीशे मुलं असलेल्या सेंट अँथनीनं ती 13 वेळा जिंकली. आपल्याकडे गावच्या एकशिक्षकी शाळेनं जिल्हा परिषद, महापालिका, इंग्रजी माध्यम असे सगळे गट एकत्र करून जिंकावं, तसं काहीसं.

दुसरी शंका जास्त वजनदार आहे. सरकारी शाळेला आपल्या हद्दीतलीच मुलं घ्यावी लागतात, खासगी शाळेला तसं बंधन नसतं. हर्लींच्या नावामुळे आसपासच्या गावांतून चांगली मुलं त्यांच्याकडे येत, हे खरं आहे. 2010 मध्ये शेजारच्या पॅटर्सन गावातली कॅथलिक शाळा बंद पडली तेव्हा तिथले काइल अँडरसन आणि माइल्स मॅक हे दोन उत्तम खेळाडू सेंट अँथनीत आले. पुढच्याच हंगामात टीम 33-0 राहिली. अँडरसन पुढे एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये गेला. तेव्हा फक्त आकडे बघून कुणाला थोर ठरवू नये, असं मला वाटतं. पण दुसरीकडे हेही बघा की मार्च 2011 मध्ये त्यांच्यासमोर सेंट पॅट्रिक शाळेची टीम होती. तीही अपराजित आणि तीही देशभरातून नावाजलेली. उंची आणि उडी दोन्ही त्यांच्याकडे जास्त. सेंट अँथनी 62-45 नं जिंकली. 32 मिनिटांच्या मॅचमध्ये तसल्या टीमला 45 वर रोखलं, हे मला जिंकण्यापेक्षाही मोठं वाटतं. चांगला खेळाडू बाहेरून मिळू शकतो, सर. चांगला डिफेन्स मात्र बाहेरून मिळत नाही, तो रोज संध्याकाळी घडवावा लागतो.

आणि तो घडला कुठं, तर बिंगो हॉलमध्ये. सेंट अँथनीला स्वतःचं जिमनेशियम नव्हतंच. 'होम मॅच' असं जे आपण म्हणतो त्याही दुसऱ्यांच्या जिममध्ये. प्रॅक्टिससाठी बरीच वर्षं हर्लींनी व्हाइट ईगल हॉल वापरला. 1910 च्या सुमाराला पोलिश समाजानं बांधलेलं ते सभागृह. तिथं लोक बिंगो, म्हणजे आपल्याकडची हाउजी, खेळायला जमायचे, म्हणून प्रॅक्टिसच्या आधी टेबलं आणि खुर्च्या बाजूला सारायच्या, मग बॉल हातात घ्यायचा.

हा हॉल मी बाहेरून बघितला आहे. 2018 मध्ये भाचीकडे महिनाभर जर्सी सिटीला होते. आपली बरीच मंडळी तिथं राहतात, तेव्हा जर्नल स्क्वेअरजवळचा न्यूअर्क ॲव्हेन्यूचा तो पट्टा अनेकांना माहीत असेल. मिठाईची दुकानं, साड्या, डाळी-मसाल्यांची पोती, फुटपाथवर पानाचा वास. तिथून त्याच रस्त्यानं खालच्या अंगाला चालत निघालं की आधी हडसन काउंटीचं भलं थोरलं दगडी न्यायालय लागतं. आणखी पुढं उतरून गेलं की त्याच न्यूअर्क ॲव्हेन्यूवर व्हाइट ईगल हॉल. वीस-पंचवीस मिनिटांची चाल. भाची म्हणाली, "मावशी, इथं तर गाण्याचे कार्यक्रम होतात." खरंच होतं. इमारत दुरुस्त करून 2017 मध्ये तिथं कार्यक्रमांचं सभागृह सुरू झालं. म्हणजे ज्या वर्षी शाळा संपली त्याच वर्षी तिची जुनी प्रॅक्टिसची जागा नव्यानं उघडली. मी बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. पाट्या वाचल्या, दार बघितलं आणि परत चढ चढून आले.

तो रस्ता मी मुद्दाम सांगतेय. वरच्या टोकाला न्यायालय आणि खालच्या टोकाला हॉल, या दोन गोष्टींमध्येच हर्लींची सगळी पद्धत आहे असं मला वाटतं.

हॉलची बाजू आधी घेऊ. अरुंद जागेत खेळताना काय होतं हे तुम्हाला कोर्ट गेल्यावर कळेलच. ड्रिबल करत मोकळं पळायला जागा नसते. मग दोनच गोष्टी शिकवता येतात, पाय आणि पास. हर्लींच्या टीम पूर्ण कोर्टभर माणसाला माणूस धरून दाबायच्या. समोरच्याला बॉल आत आणतानाच घाम फुटायचा. असा डिफेन्स उंचीवर चालत नाही, पायांवर चालतो. गुडघे वाकलेले, कंबर खाली, वजन पंजांवर, हात उघडे, आणि सरकताना पाय एकमेकांना ओलांडत नाहीत. बॉल कुठं आहे आणि माझा माणूस कुठं आहे, हे दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात ठेवून मधे उभं राहायचं. आपल्या मुलांना हे सगळं तोंडपाठ असतं. मॅचच्या चौथ्या क्वार्टरला मात्र पाय सरळ होतात, कंबर वर येते आणि हात बॉल चोरायला पुढं जातो. मग फाउल.

त्याला माझ्याकडे एक साधा इलाज आहे. हर्लींच्या टीमचे जुने सामने बघून मी तो माझ्यापुरता बसवला. चार विरुद्ध चार, अर्ध्या कोर्टात. अटॅकवाल्यांनी फक्त पास करायचा, ड्रिबल नाही, शॉट नाही. प्रत्येक पासला चारही डिफेंडरनी आपली जागा बदलायची, आणि पास हवेत असतानाच बदलायची, हातात पडल्यावर नाही. पहिले दोन आठवडे पास चालत्या गतीनं. एकाची जागा चुकली तर थांबायचं, कुणाची चुकली ते मी सांगायचं नाही, चौघांनी आपसात ठरवायचं. तिसऱ्या आठवड्यात मुलं स्वतः बोलायला लागतात. "मी बॉलवर", "मदत इकडे", "कट बघ". मुलं बोलायला लागली की डिफेन्स बसला असं समजा. याला कोर्ट लागत नाही, रिंगसुद्धा लागत नाही.

आता न्यायालयाची बाजू. हर्ली पोटासाठी कोच नव्हते. कोच म्हणून त्यांना जे मिळायचं ते तुटपुंजं होतं. त्यांची खरी नोकरी हडसन काउंटीत प्रोबेशन ऑफिसरची, आणि तीही वर्षानुवर्षं केलेली. ज्याला गुन्ह्याबद्दल तुरुंगात न टाकता अटींवर सोडलेलं असतं, त्याच्यावर लक्ष ठेवणं हे प्रोबेशन ऑफिसरचं काम. तो कामाला जातो का, शाळेत जातो का, कुणाबरोबर फिरतो, नशा सुरू आहे का, घरात कोण कमावतं, हे सगळं बघायचं आणि न्यायालयाला कळवायचं. हा 1970 नंतरचा काळ. पुढं 80 च्या दशकात क्रॅक कोकेननं अमेरिकेतल्या अशा वस्त्या पोखरल्या. म्हणजे हर्ली दिवसा अशा तरुणांसमोर बसायचे ज्यांचा पाय आधीच घसरला होता, आणि संध्याकाळी त्याच गल्ल्यांमधल्या त्यांच्या धाकट्या भावांसमोर शिट्टी घेऊन उभे राहायचे.

ते प्रॅक्टिसला फार ओरडायचे. तोंड फटकळ होतं. चूक दिसली की खेळ थांबवून सगळ्यांसमोर झाडायचे. हे लपवण्यासारखं नाही आणि मी त्याचं कौतुकही करणार नाही. पण तो ओरडणारा माणूस कोण होता ते बघा. समोरच्या मुलाच्या घराचा जिना त्याला माहीत होता. रात्री अकराला हा मुलगा कोपऱ्यावर उभा राहिला तर दोन वर्षांनी कोणत्या टेबलासमोर येऊन बसेल, हे त्यानं त्याच दिवशी दुपारी डोळ्यांनी बघितलेलं असायचं. मुलांनाही हे ठाऊक होतं. म्हणून ते ओरडणं मुलं सहन करू शकली. आपण काय करतो? शिबिरात त्यांचा आवाज ऐकतो आणि आवाज तेवढा घरी घेऊन येतो.

माझंच सांगते. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती. सकाळी सहाची प्रॅक्टिस. नववीतला एक मुलगा रोज दहा-बारा मिनिटं उशिरा यायचा. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणून खेळ चालवणारा, म्हणून उत्तम, डोकं शांत. मी नियम केला होता, जितकी मिनिटं उशीर तितक्या फेऱ्या. तो एक शब्द न बोलता पळायचा. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "झोप एवढी प्यारी असेल तर घरीच राहा." तिसऱ्या आठवड्यात तो यायचा थांबला. मी म्हणाले, गेला तर गेला, शिस्त महत्त्वाची.

सहा-सात वर्षांनी जिल्हा स्पर्धेच्या बंदोबस्तावर एक हवालदार होता. मला ओळखून पुढं आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या टीममधल्या अमक्याचा मी मोठा भाऊ." मग हसत सांगितलं की त्या वर्षी तो पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पळायला जायचा. घरात बूट एकच जोडी. तो सहाला परत यायचा, बूट काढायचा आणि धाकटा तेच घालून माझ्याकडे पळत यायचा. बूट आतून ओले असायचे, असंही तो म्हणाला. त्याला यात तक्रार करण्यासारखं काही वाटत नव्हतं, भरती झाली याचाच आनंद होता. मला मात्र त्या दिवशी पुढची मॅच धड बघता आली नाही. प्रॅक्टिस सव्वासहाला ठेवली असती तरी चाललं असतं. किंवा एकदा विचारलं असतं.

तेव्हापासून हर्लींबद्दल माझं मत पक्कं झालं. त्यांच्या कडकपणाच्या खाली माहितीचा एक जाड थर होता. तो थर आपल्याकडे नसेल तर नुसता कडकपणा म्हणजे मुलांना घरी पाठवायची सोय. आणि माहिती असली की आवाज चढवायची गरजच कमी पडते, हा माझा पुढच्या वीस-बावीस वर्षांचा अनुभव.

त्या पद्धतीची किंमतही होती, हेही सांगायला हवं. हर्लींचे दोन्ही मुलगे त्यांच्याच हाताखाली सेंट अँथनीत खेळले. थोरला बॉबी ड्यूक विद्यापीठाकडून 1991 आणि 1992 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकला आणि 1993 मध्ये बाहेर पडला तेव्हा त्याच्या नावावर 1076 असिस्ट, म्हणजे ज्यांवर सोबत्यानं बास्केट केली असे पास, होते. तेव्हाचा तो कॉलेज बास्केटबॉलचा विक्रम. धाकटा डॅन सीटन हॉल विद्यापीठात खेळत होता. वडिलांचं आणि भावाचं नाव पाठीवर घेऊन खेळताना तो इतका खचला की 1993 मध्ये हंगामाच्या मध्येच काही काळ खेळापासून दूर झाला. त्या दिवसांच्या मानसिक त्रासाबद्दल तो पुढं उघडपणे बोललाय. तोच डॅन हर्ली नंतर शाळेचा कोच झाला, मग कॉलेजचा, आणि 2023 व 2024 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाला सलग दोनदा राष्ट्रीय विजेता करून गेला. लोक शेवटचं वाक्य सांगतात. मधलं वर्ष सांगत नाहीत. तुमच्या टीममध्ये तुमचा मुलगा किंवा पुतण्या असेल तर ते मधलं वर्ष लक्षात ठेवा.

आता तुमचा पहिला प्रश्न. शाळा का बंद पडली? हरल्यामुळे नाही. 2016 मध्ये, म्हणजे बंद होण्याच्या आदल्याच हंगामात, टीम पुन्हा अपराजित राहून टुर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स जिंकली होती. अडचण पैशाची होती. गरीब घरची मुलं, त्यांच्या फीत शाळेचा खर्च भागणं शक्य नव्हतं. सिस्टर मेरी फेलिशिया आणि सिस्टर मेरी ॲलन या दोघींनी आणि स्वतः हर्लींनी वर्षानुवर्षं देणग्या गोळा करून शाळा ओढली. हर्ली भाषणं द्यायचे, निधीसाठी जेवणावळी आणि गोल्फचे सामने व्हायचे. कोचचा निम्मा जीव कॅम्पमध्ये आणि निम्मा देणगीदारांच्या दारात. दरम्यान पट घसरत दोनशेच्याही खाली आला, कारण सरकारी पैशावर चालणाऱ्या, फी न घेणाऱ्या चार्टर शाळा आल्या आणि त्या भागात घरांच्या किमती वाढून जुनी कुटुंबं हलली. शेवटी एप्रिल 2017 मध्ये न्यूअर्कच्या आर्चडायोसीसनं, म्हणजे त्या भागातल्या कॅथलिक चर्चच्या मुख्य कार्यालयानं, शाळा बंद होणार असं जाहीर केलं आणि जूनमध्ये ती झाली.

यातून एक कटू गोष्ट घ्यायची ती ही, की कप कोर्ट वाचवत नाही. 28 राज्य अजिंक्यपदांनी शाळा वाचली नाही, तर आपल्या विभागीय उपविजेतेपदानं संस्थेचं बांधकाम थांबणार नाही. "यंदा राज्याला गेलो की बघू कसं कोर्ट काढतात" असं मुलांना सांगू नका. ते ओझं चौदा-पंधरा वर्षांच्या खांद्यावर टाकायचं नसतं.

मग राहिलं काय? दीडशेहून अधिक मुलं कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांत पूर्ण शिष्यवृत्तीवर गेली. हे आपल्या पाच-दहा क्रीडागुणांसारखं नव्हे. त्या शिष्यवृत्तीत फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं येतं. ज्या घरात कुणी कॉलेजचं तोंड बघितलं नाही त्या घराची पुढची पिढी त्यानं बदलते. आणि जे इतके चांगले खेळत नव्हते त्यांचं काय? हा प्रश्न मी प्रत्येक मोठ्या कोचबद्दल विचारते. सेंट अँथनीत कित्येक वर्षं जवळजवळ सगळीच मुलं, बाकावर बसलेलीसुद्धा, बारावीनंतर कॉलेजात गेली. त्या गावात, त्या काळात. माझ्या हिशेबी हर्लींचा सगळ्यात मोठा विक्रम हाच.

शिवाय कॉलेजच्या मोठ्या नोकऱ्या चालून येऊनही ते गेले नाहीत. थांबणं हेही एक काम असतं. 1975 चा मुलगा 1995 मध्ये आपल्या मुलाला घेऊन आला तर दारात तोच माणूस उभा. शाळा बंद झाल्यावरही ते गावातल्या मुलांना विनामूल्य शिकवत राहिले.

आपल्याकडे असं कधी झालं नाही असं नाही. मुंबईत नागपाड्याला जा. 1920 च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं तिथं नेबरहूड हाउस नावाचं समाजकेंद्र सुरू केलं आणि त्या गजबजलेल्या वस्तीत बास्केटबॉल रुजला. पुढं बच्चूखान यांनी तिथल्या पोरांना पिढ्यानपिढ्या शिकवलं. अब्बास मुंतासिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू त्या वस्तीनं दिला. मैदानाला आज बच्चूखान यांचं नाव आहे. तिथं उभं राहून लहान पोरांना एकमेकांवर ओरडून जागा दाखवताना ऐकलं की मला बरं वाटतं.

आता तुमच्या कामाचं. संस्थेला विरोधाचा अर्ज देण्यापेक्षा नवीन इमारतीच्या नकाशात एका भिंतीवर रिंग आणि समोर 15 फूट मोकळी फरशी मागा. ते मिळू शकतं. खांब उभे राहायच्या आत मागा, नंतर कुणी ऐकत नाही. तोवर गावातल्या मंगल कार्यालयाच्या मालकांना भेटा. मुहूर्त नसलेल्या दिवशी सकाळी सहा ते साडेसात हॉल रिकामाच असतो. खुर्च्या मुलं उचलतील, झाडून देतील, असं आपणहून सांगा. एका गावात मी दोन वर्षं असंच चालवलं. फक्त गुळगुळीत फरशीवर उड्या आणि लेअप (पळत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) अजिबात नको, गुडघे जातात. तिथं वर सांगितलेला चार विरुद्ध चारचा डिफेन्स, दोन पायांवर थांबणं, एका पायावर वळणं आणि पास एवढंच. शूटिंग आठवड्यातून एकदा, जिथं रिंग मिळेल तिथं. चार महिन्यांत तुमची टीम रिंगशिवाय सुधारलेली दिसेल, कारण बहुतेक शालेय मॅच शॉटवर हरत नाहीत, बॉल गमावण्यावर हरतात.

दहावीसाठी खेळ बंद करणाऱ्या पालकांशी भांडू नका. सहावी-सातवीच्या मुलांपासून सुरुवात करा, म्हणजे चौदा वर्षांखालच्या गटात तीन वर्षं हातात मिळतात. आणि दहावीच्या मुलाला आठवड्यातून दोन दिवस लहानांना शिकवायला बोलवा, चाळीस मिनिटं फक्त. पालक त्याला बहुधा नाही म्हणत नाहीत. त्याचा खेळ सुटत नाही आणि तुम्हाला मदतनीस मिळतो.

सोमवारी एक वही घ्या. हजेरीची नव्हे, वेगळी. पहिल्या रकान्यात नाव. दुसऱ्यात घरातून किती वाजता निघतो आणि कशानं येतो. तिसऱ्यात सकाळी काय खाऊन येतो. चौथ्यात बुटाचा नंबर आणि बूट कुणाचे. मुलांना रांगेत उभं करून विचारू नका, बॉल देता-घेता एकेकाला विचारा. सगळे रकाने भरायला मला महिना लागतो. ते भरेपर्यंत उशिरा येणाऱ्या कुणालाही फेऱ्या मारायला लावू नका.